सतरावा निरोप

१

जगात कोणतीही वस्तू पूर्णपणे नाहीशी होत नाही. जाताना ती आपल्यामागं खूण ठेवूनच जाते, हे शोधकार्याचं आद्य तत्त्व आहे. दोलसोरी कंपनीत मात्र गेली तीन वर्षं स्टेपलर सापडत नव्हता, आणि त्यानं कसलीही खूण ठेवली नव्हती.

त्यामुळं सोमवारी सकाळी कपाटातल्या बाडाचं एक पान गेलंय असं कळलं, तेव्हा पहिला अर्धा तास कुणी मनावर घेतलं नाही. कॉफी झाली. मग साजांग यॉम, म्हणजे कंपनीचे मालक, ओरडले. तेव्हा सगळ्यांनी एकदम मनावर घेतलं.

दोलसोरी ही सोलच्या कुरो भागातली तेवीस माणसांची कंपनी. काळ्या-पांढऱ्या गोट्यांनी पटावर जागा घेरायचा बादुकचा खेळ लोकांना घरबसल्या खेळता यावा म्हणून ती एक सर्व्हर चालवायची. सर्व्हर म्हातारा झाला होता. शुक्रवारी दुपारी बाराला तो बंद करून नवा सुरू करायचा होता, आणि नव्याचा सगळा शिरस्ता, ज्याला शिकलेली माणसं प्रोटोकॉल म्हणतात, त्या बाडात होता: गिऱ्हाइकाच्या संगणकानं सर्व्हरला कोणता निरोप धाडायचा, सर्व्हरनं काय उत्तर द्यायचं, उत्तर नाही आलं तर किती वेळ वाट बघायची. त्रेसष्ट पानं, तेवीस निरोप.

पहिला निरोप नमस्काराचा. दुसरा नावाचा, त्यावर तीन पानं खर्ची पडली होती. जुन्या सर्व्हरच्या तक्त्यात साडेतेवीसशेच जोडाक्षरं होती, आणि त्यात न बसणाऱ्या अक्षराच्या जागी तो प्रश्नचिन्ह छापायचा. काही गिऱ्हाइकं त्यामुळं वर्षानुवर्षं प्रश्नार्थक राहिली होती. नव्यात कोरियन लिपीतली सगळीच्या सगळी अक्षरं येणार होती.

सतरावा निरोप जुन्या सर्व्हरच्या अखेरचा. ‘हा सर्व्हर बंद होतोय, नवीन जागी या’ असं जुन्या सर्व्हरवर बसलेल्या प्रत्येकाला कळवायचं, ‘मिळाला’ असं उत्तर येईतो थांबायचं, आणि जोडणी तोडायची. तीस सेकंदांत उत्तर नाहीच आलं, तरी तोडायची. कुणा टवाळानं खोटा निरोप धाडू नये म्हणून त्याच्या सुरुवातीला सोळा आकड्यांची गुप्त खूण होती. ती खूण एक्केचाळीसाव्या पानावर होती, आणि दुसरीकडं कुठंही नव्हती.

एक्केचाळीसावं पान पट्टी लावून कापलेलं होतं. संगणकावरच्या प्रतीत सोळानंतर थेट अठरा. राखीव प्रतीतही तेच.

“शुक्रवारपर्यंत पान नाही मिळालं, तर जबाबदार माणूस घरी जाईल,” साजांग म्हणाले.

“जबाबदार मीच,” क्वाक म्हणाले, आणि खिशातून एक पांढरं पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. राजीनामा. लिहून तयारच होता.

शिरस्ता क्वाक यांनी लिहिला होता. वय चोपन्न. त्यांच्याकडं बघून खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण गेल्या मे महिन्यात त्यांची एकुलती एक मुलगी गेली होती. हा-मुई. एकोणीस वर्षांची. त्याआधीच बायको तिच्या बहिणीकडं तेजॉनला राहायला गेली होती. क्वाक यांच्याकडं उरली होती ती ही खुर्ची.

“प्यो बाई,” साजांग म्हणाले, “दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच तुमचा धंदा. चोर काढा.”

प्यो सुन-ई चाचणी विभागाची प्रमुख होती. पंधरा वर्षांपूर्वी तिला या कामाचं अ-आ-इ क्वाक यांनीच शिकवलं, म्हणून ती अजून त्यांना सनबे म्हणायची, आपले थोरले. खुर्ची गेली तर सनबेंना सकाळी उठायला कारण उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पाकीट उचललं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

“शुक्रवारी बघू,” ती म्हणाली.

२

कपाटाला हात लावण्याची मुभा तिघांनाच होती. त्यातले विक्रीप्रमुख मेंग हे संशय घ्यायला सगळ्यात सोयीचे, कारण ते कुणालाच आवडत नसत.

“या, बसा. मीच चोर,” मेंग म्हणाले. “घ्या लिहून. मला दोनला बाहेर जायचंय.”

“शुक्रवारी संध्याकाळी पान जागेवर होतं. शनिवारी कुठं होतात?”

“डोंगरावर. दर शनिवारी जातो.”

प्योनं टेबलाखाली पाहिलं. मेंग यांचे डोंगराचे बूट खोक्यातच होते आणि त्यांच्या तळव्यावर दुकानाची चिठ्ठी शाबूत होती.

मेंग यांनी खोक्याचं झाकण लावलं. “बरं. नदीपलीकडच्या त्या कंपनीत गेलो होतो.”

“पान घेऊन?”

“मुलाखतीला! म्हणाले, वय जास्त आहे. त्रेचाळीस!” त्यांनी खोकं पायानं आत सरकवलं. “साजांगना सांगू नका. बायकोला तर मुळीच नको. तिला मी दर शनिवारी डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी नेऊन देतो.”

“ते पाणी कुठलं?”

“नळाचं. तिला म्हणे नळाच्या पाण्याला ती चव येत नाही.”

प्योला हसू आलं, पण ते तिनं कामाच्या वेळेत बसत नाही म्हणून आवरलं. “त्या लोकांनी आपला शिरस्ता मागितला नाही?”

“मागायला त्यांना हवा तर असावा! त्यांचा आपल्याहून बरा आहे. आणि काय हो बाई, मला विकायचंच असतं तर मी झेरॉक्स मारली असती. पान कापून नेणारा हेर असतो का कुठं? दुसऱ्या दिवशी बोंब होणारच.”

यात तथ्य होतं. मेंग यांच्या बोलण्यात तथ्य सापडल्यामुळं प्यो जरा अस्वस्थ झाली.

“आणि किल्लीची वही बघितलीत का?” मेंग मागून म्हणाले. “रखवालदाराकडं असते. शनिवारी सकाळी किल्ली एकानंच नेली. त्या तुमच्या लाडक्या दू-हाननं.”

३

रा दू-हान जुन्या सर्व्हरचा राखणदार. थंडगार खोलीत फुगीर जाकीट घालून तो दिवसभर बसायचा आणि सर्व्हरला ‘आजोबा’ म्हणायचा. आजोबांबरोबर शुक्रवारी त्याचंही काम संपणार होतं.

“नूना, मी नेली किल्ली,” तो म्हणाला. प्यो त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, म्हणून नूना, ताई. “पण पानासाठी नाही. कपाटात आजोबांचे कागद असतात.”

“काढलेस आणि कुलूप लावलंस?”

त्यानं जाकिटाची साखळी वर ओढली. मग म्हणाला, “नाही. दहाला उघडलं, बाराला लावलं. मध्ये इथंच होतो. पण नूना, शनिवारी ऑफिसात कुणीच नव्हतं!”

“कुणीच?”

“शपथ. एक चिटपाखरू नाही. क्वाक साहेब होते, पण ते काय, ते रोजच असतात. ते धरायचे का?”

 प्यो घरघरणाऱ्या सर्व्हरकडं वळली.

“आजोबांचे कसले कागद हवे होते?”

“बंद करून पुन्हा चालू करायचा अर्ज. नूना, तीनशे चाळीस दिवस झाले, एकदाही बंद नाही! कुठल्याही सर्व्हरला महिन्याकाठी एक डुलकी लागतेच. दम लागतो बिचाऱ्याला. मी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा नामंजूर. म्हटलं, जाता जाता एकदा तरी कारण वाचावं.”

“काय कारण?”

“लिहिलंच नाहीये.”

त्यानं तिन्ही अर्ज पुढं केले. प्योनं मनातल्या मनात तीनशे चाळीस दिवस मागं मोजले. मे महिन्याचा दुसरा आठवडा. हा-मुईच्या अंत्यविधीला सगळं ऑफिस काळे कपडे घालून इस्पितळाच्या तळघरातल्या शोकगृहात बसलं होतं, तो आठवडा.

प्रत्येक नामंजुरीखाली एक लाल, गोल शिक्का होता. क्वाक.

४

मंगळवारी प्योनं बाड घेतलं, सातूच्या चहाचा पेला घेतला आणि बैठकीची खोली आतून लावून घेतली.

पहिला प्रश्न: चोरानं हेच पान का नेलं? ज्याला नवा सर्व्हर अडवायचा आहे, त्यानं पहिला निरोप न्यायला हवा होता. नमस्कारच नाही म्हटल्यावर पुढचं सगळं खुंटलं. पण नमस्कार जागेवर होता. नाव जागेवर होतं. चोराचं नव्याशी काही वैर नव्हतं. जुन्याचा शेवट होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

हे दू-हानला लागू पडलं असतं. पण जो माणूस आजोबांना बंद करून चालू करू द्या म्हणून तीनदा अर्ज करतो, त्याला आजोबांची काळजी असते, त्यांच्या आत काय शाबूत आहे याची नसते. बंद केल्यावर आतली प्रत्येक जोडणी तुटते. म्हणजे अर्ज नाकारणाऱ्याला सर्व्हर नको होता. एखादी जोडणी हवी होती.

तिला हे पुढं न्यायचं नव्हतं. तिनं बाड मिटलं, आणि मिटताना कडेवरून अंगठा फिरवला. तिथं तिला ते दिसलं.

सरकारदरबारी आणि जुन्या वळणाच्या ऑफिसांत कागदांचं बाड झालं, की दोन पानांच्या सांध्यावर शिक्का मारतात. अर्धा या पानावर, अर्धा त्या. मधलं पान कुणी काढलं तर अर्धुकं अर्धुक्याला जुळत नाही, चोरी उघडी पडते. चाळीसावर अर्धुकं होतं, आणि त्याचा जोडीदार पानाबरोबर गेला होता. इथवर ठीक. पण त्याच्या शेजारीच दुसरं अर्धुकं होतं, ताज्या शाईचं, आणि त्याची उरलेली बाजू बेचाळीसाव्या पानावर केसाचाही फरक न पडता बसत होती.

चोरानं पान कापलं होतं, आणि मग उरलेल्या दोन पानांच्या सांध्यावर रीतसर शिक्का मारला होता. आपल्याच नावाचा.

प्योनं चहा प्यायला. तो गार झाला होता. कोरियात असा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता, जो चोरी करतानाही कागद अर्धवट सोडू शकला नसता.

५

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे किमचीचं कालवण खायला खाली गेले. क्वाक गेले नाहीत. ते पडद्याकडं बघत बसले होते. प्योनं खुर्ची ओढली.

“सनबे, शिक्का कशाला मारलात?”

क्वाक यांनी मान वळवली नाही. “पान काढल्यावर ते फार उघडं दिसायला लागलं, सुन-ई. राहवलं नाही.”

“पान कुठंय?”

“खिशात.”

पडद्यावर जुन्या सर्व्हरची यादी होती, आत्ता कोण कोण आत बसलंय त्याची. हिरवी नावं. क्वाक यांचं बोट मधल्या एका नावाशी थांबलं होतं. ‘हा?’

“तिच्या आजोबांनी, माझ्या वडिलांनी, पोथीतून हुडकून नाव ठेवलं,” ते म्हणाले. “मुई. त्या तक्त्यात ते अक्षरच नाही. शाळेच्या दाखल्यावर प्रश्नचिन्ह, इस्पितळाच्या पट्टीवर प्रश्नचिन्ह. ती म्हणायची, बाबा, मी एक शंका आहे. मी म्हटलं, थांब, नवा सर्व्हर लिहितो, तुझं नाव पुरतं येईल असा. दुसरा निरोप तिच्यासाठी आहे. बाकीचा शिरस्ता त्याच्या मागनं आला.”

प्योनं पडद्यावरचं ते नाव पुन्हा वाचलं.

“इस्पितळातनं रोज खेळायची माझ्याशी. दुपारी. मी इथनं, ती तिथनं. शेवटच्या दिवशी नर्सनं तिच्या मांडीवरचा संगणक उचलून झाकण मिटलं असणार. नीट बाहेर पडलीच नसणार ती. सर्व्हरला कुणी सांगितलंच नाही, की ती गेली. जुन्या शिरस्त्यात जिवंत आहेस का असं विचारायची पद्धत नाही, तुला माहितीये. ‘जाते’ असा निरोप आला, तरच माणूस गेला. नाहीतर बसलाय.” त्यांनी चष्मा काढला. “आठवड्यानं ऑफिसला आलो, तर ही बसलेली.”

“अकरा महिने?”

“रोज सकाळी नऊला बघतो. असते. कुठल्याशा पटाशेजारी बसून दुसऱ्यांचा डाव बघत असते. खेळत नाही.”

“संध्याकाळी?”

“संध्याकाळी बघत नाही. घरून बघायचं नाही असं ठरवलं. माणसानं मर्यादा ठेवावी.” मग ते अगदी हळू म्हणाले, “सगळ्यांना निरोप देता येईल गं. एकोणीसशे माणसं आहेत, सगळ्यांना देतो. हिच्याकडनं उत्तर येणार नाही. तीस सेकंद वाट बघून हिला बाहेर काढा, असं मी माझ्या हातानं लिहिलंय. तीसही मीच ठरवले. आधी दहा होते.”

प्योच्या पर्समध्ये पाकीट होतं. पान मिळालं तर खुर्ची वाचणार होती आणि यादीतलं नाव जाणार होतं. पान नाही मिळालं तर खुर्ची जाणार होती, आणि साजांग वैतागून शुक्रवारी भिंतीतली वायरच उपटणार होते. म्हणजे नाव तरीही जाणार होतं. हा हिशेब क्वाक यांनीही केला असणार. ते तिच्यापेक्षा हुशार होते.

“वायर उपटली तर तिला कुणी काही न सांगताच काढल्यासारखं होईल, सनबे,” ती म्हणाली.

 जिन्यात मेंग यांचं हसणं ऐकू यायला लागलं.

क्वाक यांनी खिशातून पान काढलं. चार घड्या, पण घड्या अगदी सरळ. “तू धाड,” ते म्हणाले. “मी शेजारी बसतो.”

६

पान कपाटामागं पडलं होतं, असं प्योनं साजांगना सांगितलं. “पट्टीनं कापून कसं काय पडेल?” साजांग म्हणाले. “मलाही तेच आश्चर्य वाटलं,” प्यो म्हणाली. मेंग जोरात म्हणाले, की कपाटामागं स्टेपलरही बघा. आणि त्या गोंधळात विषय संपला. पाकीट तिनं कागद कापायच्या यंत्रात घातलं.

शुक्रवारी दुपारी बाराला तिनं कळ दाबली. एकोणीसशे चार जणांना सतरावा निरोप गेला.

उत्तरं पावसासारखी आली. मिळाला, मिळाला, मिळाला. हिरवी नावं पटापट राखाडी होत गेली. दू-हान सर्व्हरच्या अंगावर हात ठेवून उभा होता. क्वाक खुर्चीच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. दहा सेकंद. वीस. यादीत सात नावं राहिली, मग तीन. मग एकच.

‘हा?’

पंचवीस. सव्वीस. प्योनं पडद्यावरची नजर काढून घेतली. सत्तावीस.

“सुन-ई,” क्वाक म्हणाले.

ओळ उमटली होती. ‘हा?’ – मिळाला.

खोलीत कुणाला काही कळलं नाही, कारण कुणाला काही माहीतच नव्हतं. दू-हाननं नाक शिंकरलं. क्वाक उठले, जाकिटाची बटणं लावली आणि पडद्यापुढं कमरेतून वाकले. मग जेवायला गेले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा ते सगळ्यांबरोबर जिना उतरून गेले, आणि खालून मेंग यांचा आवाज आला, “अहो, क्वाक साहेबांना कुणीतरी भात वाढा!”

प्यो मात्र हलली नाही. मेलेली माणसं उत्तर देत नाहीत, हे चाचणी विभागाचं मूलभूत गृहीतक असतं.

७

नाव बघू नये, क्रमांक बघावा. नावं फसवतात. पंधरा वर्षांपूर्वी सनबेंनी तिला शिकवलेली ही पहिली गोष्ट. अकरा महिने रोज सकाळी नऊला ते स्वतः नावच बघत आले होते. एक बोट खाली नेलं असतं तर क्रमांक दिसला असता. त्यांनी बोट खाली नेलं नव्हतं. प्योनं नेलं.

उत्तर देणारा ‘हा?’ हा-मुई नव्हता. जुन्या तक्त्यात न बसणारी अक्षरं हजारोंनी होती, आणि ‘हा’च्या पुढं त्यातलं कुठलंही आलं तरी सर्व्हर तेच एक प्रश्नचिन्ह छापायचा.

मग तिनं हा-मुईचा क्रमांक काढला, ३११, आणि जुन्या नोंदी उघडल्या. मे महिन्यातली ती दुपार सापडायला पाच मिनिटं लागली. तिनं ती एकच ओळ छापली आणि कागद उलटा करून सनबेंच्या टेबलावर ठेवला. मग सुलटा केला. मग तिथंच उभी राहिली.

क्वाक जेवून आले. ओठाला तिखटाचा लाल डाग होता. नव्या सर्व्हरवर माणसं जमायला लागली होती आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नवी यादी सरकत होती, त्यांनी लिहिलेल्या दुसऱ्या निरोपाप्रमाणे प्रत्येकाचं नाव पुरतं, एकही प्रश्नचिन्ह नसलेलं. ते उभ्यानंच वरून खाली वाचत गेले. एका जागी थांबले.

“सुन-ई. ‘हा-हेह’ म्हणजे काय?”

“काही नाही, सनबे. दोन वर्षांपूर्वी नेटवर पोरं उगाच म्हणायची. त्याला अर्थ नाही.”

“दुसरं अक्षर तक्त्यात नव्हतं.”

“नव्हतं.”

त्यांनी मान हलवली, एखाद्याचं उत्तर तपासून बरोबर निघाल्यासारखी. खाली बसले. मग त्यांना कागद दिसला.

ग्राहक ३११. दुपारी ४ वाजून १२ मिनिटं. निरोप ९: जाते. सर्व्हर: मिळाला.

“म्हणजे नर्सनं नाही मिटलं,” ते म्हणाले.

“नाही. हा-मुईनं स्वतः कळ दाबली. नीट बाहेर पडली.”

“सांगून गेली होती.”

“हो.”

“आणि मी बघितलंच नाही.” त्यांनी तळहातानं कागद सपाट केला, तो आधीच सपाट होता. त्यांचे खांदे हलायला लागले. प्योनं खुर्ची अशी सरकवली, की येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसू नयेत, आणि पाठ करून उभी राहिली.

अडीच वाजता थोंगयॉन्ग बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे, अठ्ठावन्न वर्षांचे हा-हेह नव्या सर्व्हरवर पहिला डाव खेळले आणि साडेतीन गुणांनी हरले.